पिच्चरमधली बाहुली

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमचं घर भुताच्या पिच्चरले द्यान का?"

दुसरं कोणी असतं तर मी दार लावून घेतलं असतं. पण ही माझी विद्यार्थिनी. तिसरीत असताना सातच्या पाढ्याला हमखास अडखळणारी, आता बुलढाण्याला कॉलेजात जाणारी. तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना दहा मिनिटांचा भयपट करायचा होता, फोनवर काढून फोनवरच टाकायचा. "माझंच घर काऊन?" मी तिच्याच भाषेत विचारलं. "तुमच्या घरात कोणी नसते ना, बाई," ती म्हणाली. खरं बोलायची सवय तिला मीच लावली होती, त्यामुळे रागावता येईना.

मोताळ्यात माझी सगळी नोकरी गेली. पहिली ते चौथी, चारी वर्ग शिकवले. नवरा जाऊन आठ वर्षं झाली. मुलगी पुण्यात असते, रविवारी तिचा फोन येतो. बाकीचे सहा दिवस मी आणि घर. एकटं असण्यात लाज वाटावी असं काही नाही, तरी मला ती वाटते. संध्याकाळी दिवा लावताना मी मुद्दाम मोठ्यांदा बोलते, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, घरात माणसं आहेत. तेव्हा तीन मुली चार दिवस घरात राबणार म्हटल्यावर मी फार आढेवेढे घेतले नाहीत.

त्यांनी खिडक्यांना गोधड्या ठोकल्या, झरोक्यात पोतं कोंबलं आणि भर दुपारी बारा वाजता माझ्या घरात रात्र केली. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत आम्ही चौघी घामाने निथळत होतो. मी चहा करत होते, पोहे करत होते, मधूनच "त्या कोनाड्याला हात लावू नका" म्हणून ओरडत होते. इतकी खूश मी कित्येक महिन्यांत नव्हते.

गोष्ट साधी होती. एका मुलीला रिकाम्या घरात जुनी बाहुली सापडते आणि मग ती बाहुली तिला सोडत नाही. त्यासाठी त्यांनी बाजारातून प्लास्टिकची बाहुली आणली होती. गाल गुलाबी, पोट दाबलं की गाणं म्हणायची. तिला कोण भिणार? मीच म्हटलं, थांबा, आणि पेटी उघडली.

माझ्या मुलीची बाहुली त्या पेटीत होती. मुलगी पाच वर्षांची असताना तिला गोवर आला, तेव्हा उशाशी बसून मी ती शिवली होती. माझ्या जांभळ्या लुगड्याचा तुकडा, डोळ्यांना शर्टाच्या गुंड्या, आणि पोटात घरच्याच शेतातला कापूस. सरकी मी हातानेच काढली होती, घाईत एक दाणा आत राहून गेला. मुलगी रोज झोपताना बाहुलीचं पोट चाचपून तो दाणा शोधायची. सापडला की झोपायची.

पोरींनी बाहुली पाहिली आणि त्या नाचायच्याच बाकी राहिल्या. एक गुंडी केव्हाच गळून पडली होती, ते त्यांना फारच आवडलं. मग त्यांनी तिच्या तोंडावर काजळ फासलं, लाल दोऱ्याने ओठ मोठे शिवले, कपाळाला कुंकू थापलं आणि गळ्यात बिब्बा बांधला. दिसायला गरीब होती बिचारी, अर्ध्या तासात तिची अवदसा झाली. मला जरा लागलं मनाला, पण मी बोलले नाही. चार दिवसांनी घर पुन्हा रिकामं होणार, हे माझ्या डोक्यात होतं.

शेवटच्या दिवशी माझी विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, तुमी पण एक सीन करा ना."

काय करायचं होतं? खुर्चीवर बसायचं, बाहुली मांडीवर घेऊन थोपटायची आणि फोनकडे बघून हसायचं. पापणी हलवायची नाही. बस्स. आता नुसतं बघत राहणं हे माझं आयुष्यभराचं काम. वर्गात मी कधी छडी उचलली नाही, कारण मी बघितलं की चाळीस पोरं गप्प बसायची. मी बसले, थोपटलं, हसले. पहिल्याच फटक्यात झालं. फोन धरलेल्या मुलीच्या अंगावर काटा आला, तो तिने मला हात पुढे करून दाखवला. तिघींनी टाळ्या वाजवल्या. मी इतकी फुशारले की रात्रीचा स्वयंपाक करताना पातेल्याच्या झाकणात स्वतःकडे बघून दोनदा तसंच हसून घेतलं.

फिल्म सगळ्या गावाच्या फोनवर फिरली. आठवडी बाजारात वांगी निवडताना भाजीवाली म्हणाली, "बाई, तुमचा पिच्चर पाह्यला मी. माया नवरा तर पाणी प्याले उठेना." दुधवाला डेअरीत सांगत फिरला म्हणे. रविवारी मुलीचा फोन आला तर तीही हसत होती. "भारी काम केलंस, आई."

"आणि बाहुली ओळखलीस का?" मी विचारलं.

"कुठली? ती फिल्ममधली? ती त्यांनी आणलेली ना?"

मी म्हटलं, तुझी होती. गोवर आला होता तेव्हाची. ती म्हणाली, "मला नाही गं आठवत. आणि इतकी वर्षं ठेवलीस कशाला? दे टाकून." मला तिचा राग आला. पाच वर्षांच्या पोरीला काय आठवणार, हे मलाही कळतं. तरी आला. मी बाहुली तशीच, काजळ कुंकवासकट, परत पेटीत ठेवली.

पावसाळा सरत आला. केव्हातरी माझ्या लक्षात आलं की गल्लीतल्या लहान पोरी आता माझ्या अंगणातून जात नाहीत. पूर्वी शाळेत जाताना त्या माझ्या फाटकातून शिरून मागच्या दाराने निघायच्या, तेवढंच अंतर वाचतं म्हणून. जाताना जास्वंद तोडायच्या आणि माझा ओरडा खायच्या. मला वाटलं, रस्ता झाला चांगला, कशाला येतील आता. माणूस स्वतःची समजूत फार लवकर काढतो.

मग भाद्रपदाची पौर्णिमा आली. आमच्याकडे त्या दिवशी भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोजी, आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी पोरी त्यांच्यासमोर टाळ्या वाजवून गाणी म्हणतात. गाणी झाली की घरची बाई झाकण लावलेला डबा वाजवून दाखवते आणि आत काय खिरापत आहे ते पोरींनी ओळखायचं. ओळखलं की वाटून खायचं. ही भुलाबाई माझ्या मुलीच्या वेळेपासून आमच्या घरात बसते. मुलगी गेली तरी गल्लीतल्या पोरी येत राहिल्या. त्या मोठ्या झाल्या, त्यांच्या धाकट्या बहिणी आल्या. वर्षातला तो एक महिना मला संध्याकाळी दिव्याशी मोठ्यांदा बोलावं लागत नाही.

माझी खिरापत ओळखायला अवघड, असा माझा लौकिक आहे. मागच्या वर्षी मी साबुदाण्याच्या पापड्या फडक्यात गुंडाळून डब्यात भरल्या होत्या. पाऊण तास पोरी झुंजल्या आणि शेवटी "हारलो, बाई" म्हणाल्या. सगळ्यांत धाकटी, समोरच्या घरातली, पहिलीतली, हारायला तयारच नव्हती. डब्याला कान लावून बसली होती.

या वर्षी मी बाजारातून मूर्ती आणल्या, पाट मांडला, बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली. डब्यात तिळाच्या वड्या भरल्या आणि वाट बघत बसले. दिवेलागण झाली. समोरच्या घरातून टाळ्या ऐकू आल्या, मग गाणं. त्यांनी तिकडे दुसरी भुलाबाई बसवली होती. मी दार उघडं ठेवूनच बसून राहिले. म्हटलं, तिथलं झालं की इकडे येतील. नाही आल्या. मी भुलाबाईपुढे दिवा लावला आणि एक वडी खाल्ली. बाकीचा डबा झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी समोरची सून वाटी परत करायला आली. वाटी माझी नव्हतीच, तिला बोलायचं होतं.

"बाई, राग नका मानू," ती म्हणाली, "पोरी भेऊन राह्यल्या. थे बाहुली हाय ना तुमच्या घरात. पिच्चर पाह्यल्यापासून आमची धाकटी एकटी न्हाणीत जात नाही."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. एवढंच ना? मी तिला समजावलं की ती चिंध्यांची बाहुली आहे, पोटात कापूस आहे, काजळ लावलं तेव्हा मी तिथेच उभी होते. "मले समजते हो," ती म्हणाली, "पण पोरीयले कोण सांगन? देऊन टाका सोडून पाण्यात. मंग पोरी येतीन."

मी सकाळभर विचार केला. म्हणजे विचार असा काही नाही, नुसती पेटीभोवती फिरत होते. ज्या पोरीची ती बाहुली, तिला आठवत नाही. ज्या पोरी येतील, त्यांना ती नको आहे. मग मी कोणासाठी सांभाळते आहे? दुपारी मी बाहुली काढली, गळ्यातला बिब्बा तोडला आणि ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसलं. काजळ पूर्ण निघालं नाही. पिशवीत घालून नळगंगेच्या पुलावर गेले. टाकण्याआधी पोट चाचपलं. दाणा सापडला, होता तिथेच. मला रडू आलं. पुलावरून ट्रॅक्टर जात होता, त्यावरच्या माणसाने "काय झालं, बाई?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही, डोळ्यात धूळ गेली. मग सोडून दिली. कापूस भिजेपर्यंत ती तरंगत होती. ती दिसेनाशी झाल्यावर मी घरी आले.

समोरच्या सुनेला सांगितलं. "बरं केलं, बाई," ती म्हणाली, आणि खाली बघत राहिली. मी शेंगदाण्याचे लाडू केले.

त्या संध्याकाळी कोणी आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. एवढी जिवाभावाची वस्तू मी पाण्यात सोडली आणि वर यांचा रुसवा जात नाही म्हणजे काय? मी डब्यात नवी खिरापत भरली, झाकण घट्ट लावलं, आणि गाण्यांचा आवाज यायला लागल्यावर डबा घेऊन तडक समोर गेले.

मी दारात दिसले आणि गाणं बंद पडलं. दहाबारा पोरी, तीनचार आया. धाकटी उठली आणि आईच्या पदराआड गेली.

मी म्हटलं, "अगं, घाबरू नका. सोडली मी ती बाहुली. नदीत सोडली. आता नाही ती घरात."

मग पदराआडून धाकटीच बोलली. "मले बाहुलीचं भेव नाही लागत."

"मग?"

"तुमचं लागते. तुमी हासता त्याचं."

"अवं, असं नाही म्हणत मोठ्यायले," तिची आई पुटपुटली, आणि माझ्याकडे बघेना. बाकीच्या बायाही बघेनात. तेव्हा मला कळलं. हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. माझ्या तोंडावर कसं सांगायचं, म्हणून सगळ्यांनी मिळून बाहुलीचं नाव घेतलं होतं. मर्यादा पाळली होती माझी. आणि मी ते खरं मानून तिला पाण्यात घालून आले होते.

वाईट वाटलं, ते किती हे लिहून सांगता येणार नाही. घरी परत जावं असंच वाटलं. पण डबा हातात होता, आणि मागे फिरले असते तर पुढच्या वर्षीही मी याच दारातून मागे फिरले असते. मी उंबऱ्याशीच खाली बसले. पोरींकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं आणि डबा वाजवला.

मी पुन्हा वाजवला. मोठ्या पोरींपैकी एक म्हणाली, "चिवडा?"

"नाही."

"शेव?" "गुळपापडी?" "बाई, कडक हाय का नरम?"

"कडक," मी भिंतीला सांगितलं.

मग पावलांचा बारीक आवाज आला आणि माझ्या पाठीमागे, अगदी जवळ, कोणीतरी बसलं. मी डबा न बघता मागे सरकवला. तो हलला, थोडा वेळ शांत राहिला. त्याला कान लावला असणार.

"बाई, फुटाणे हायत."

"ओळखलंस," मी म्हटलं. मला हसू आलं होतं, म्हणून मी मागे वळले नाही.