पाहुण्याचं कलम

देशाची घटना लिहिणारी मोठमोठी माणसं होऊन गेली असतील, पण सहा जणांत एक बाथरूम असलेल्या फ्लॅटची घटना लिहून ती सगळ्यात आधी स्वतःला लावून घेणारा माणूस त्रिभुवनात एकच. ते गृहस्थ बहारीनमध्ये, झिंजच्या आमच्या फ्लॅटात, माझ्या डोक्यावरच्या पलंगावर झोपतात. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो.

भाऊ मूळचे अकोल्याकडचे आणि पेशानं एसी टेक्निशियन. त्यांच्या घरी बुद्धवंदनेच्या पुस्तकाशेजारी आपली राज्यघटना ठेवलेली असते, त्यामुळे घटनेचं वेड उपजतच. अमेरिकेचं वेड मात्र कचऱ्यातून आलं. एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात ते एसी दुरुस्त करायला गेले होते, तिथे टाकायच्या खोक्यात त्यांना कव्हर फाटलेला एक जाडजूड ग्रंथ सापडला. जवळजवळ अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेची घटना लिहायला जमलेल्या मंडळींनी उन्हाळाभर एकमेकांचं डोकं कसं खाल्लं, याची त्यात रोजच्या रोज टिपणं होती. भाऊंनी तो डिक्शनरी घेऊन तीन वर्षं वाचला. तेव्हापासून ती मंडळी जणू शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतात. खुर्चीत बसवून आणावा लागणारा ऐंशी उलटलेला म्हातारा, लाकडी पायाचा भाषणबाज, पुढच्या बाकावर बसून सगळं उतरवून घेणारा तो किरकोळ अंगाचा विद्वान, यांच्या तब्येतीची खबर भाऊंकडे आमच्या तब्येतीपेक्षा ताजी असते.

आमच्या फ्लॅटात रोज सकाळी बाथरूमवरून आणि रोज संध्याकाळी गॅसवरून भांडण व्हायचं. भाऊंनी एक दिवस जाहीर केलं की आपल्याला घटना पाहिजे. ऑगस्टातल्या एका शुक्रवारी जेवणं झाल्यावर आम्ही हॉलमध्ये जमलो. भाऊंनी खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि एसी बंद केला. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन, आत सहा माणसं, आणि एसी बंद करणारा एसीचाच मेकॅनिक. भाऊंचं म्हणणं असं की अमेरिकेतही भर उन्हाळ्यात खिडक्या बंद करूनच बसले होते, कारण बोललेलं बाहेर जायला नको. आणि गारव्यात माणूस नुसता डुलक्या काढतो, घटना घाम गाळल्याशिवाय होत नाही. दापोलीचे चाचा, जे एका हॉटेलात आचारी आहेत आणि ज्यांनी आयुष्य भट्टीपुढे काढलं आहे, तेसुद्धा अर्ध्या तासात बनियनवर आले.

पहिला पेच मतांचा. मोठ्या खोलीत चार जण, लहान खोलीत भाऊ आणि मी. मोठी खोली म्हणाली, डोकी मोजा. लहान खोली म्हणाली, खोल्या मोजा. भाऊ आनंदानं उठून उभेच राहिले, कारण मोठी राज्यं आणि छोटी राज्यं अगदी ह्याच मुद्द्यावर हमरीतुमरीवर आली होती. शेवटी अमेरिकेसारखीच तडजोड निघाली: स्वयंपाकघराचा निर्णय डोक्यांनी, बाथरूमचा खोल्यांनी. हा निकाल आजही नीट कोणाला कळलेला नाही, पण भांडणं मात्र कमी झाली.

दुसऱ्या पेचाला भाऊंचा सूरच बदलला. आमच्यातला एक जण रात्रपाळीचा वॉचमन. तो दिवसा फक्त झोपायला असतो, तेव्हा त्याला अर्धं मत द्यावं, असं कोणीतरी सहज सुचवलं. भाऊंनी हातातला पेन खाली ठेवला. अमेरिकेतल्या त्या शहाण्या लोकांनी जागा वाटताना एकेक गुलाम तीन पंचमांश मोजला होता, हे त्यांनी आम्हाला शांतपणे सांगितलं. वाचताना त्या पानावर त्यांनी पुस्तक मिटलं होतं आणि आठवडाभर उघडलं नव्हतं.

"माह्या आजोबाले गावानं अर्धाबी मोजला नव्हता," ते म्हणाले. "इथं माणूस पुरा मोजायचा, नाहीतर माही घटना मले वापस द्या."

वॉचमनला पूर्ण मत मिळालं. तो त्या वेळी घोरत होता.

सातवं कलम पाहुण्याचं, आणि ते माझ्या कृपेनं आलं. माझा मेहुणा नोकरी शोधायला म्हणून आला आणि अडीच महिने आमच्या लहान खोलीत पसरला. नोकरी त्याला मिळाली नाही, पण वजन सहा किलो वाढलं. म्हणून भाऊंनी लिहिलं: पाहुण्यानं तीन रात्रींवर राहू नये. दुरुस्ती करायची तर पंधरा दिवसांची नोटीस फ्रिजवर लावावी. घटना म्हणजे काही कणीक नव्हे, मनात आलं की तिंबायला. आम्ही सह्या केल्या आणि धावत जाऊन एसी लावला.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊंचा मुलगा आला, चौदा दिवसांच्या व्हिजावर. तो पाळण्यात असताना भाऊ इकडे आले होते. दर दोन वर्षांनी एक महिना रजा, एवढीच त्या बापलेकांची ओळख. भाऊंनी नवी चादर आणली, चाचांनी बिर्याणी केली. तीन रात्री दोघं खाली गादी टाकून झोपले. चौथ्या दिवशी सकाळी भाऊंनी मुलाची बॅग उचलली आणि त्याला बुसैतीनला एका सहकाऱ्याच्या खोलीवर न्यायला निघाले. तिथे एकाच गादीपुरती जागा होती.

आम्ही दार अडवलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"अहो भाऊ, पोरगा आहे तो तुमचा, पाहुणा कसला?" चाचा म्हणाले. "कलम गेलं खड्ड्यात. राहू द्या त्याला."

"आज माह्या पोरासाठी मोडलं, त उद्या कोनाले आडवाल?" भाऊ म्हणाले. "लिवनाराच पहिला सुटला, त मंग ते घटना कायची?"

मुलानं वडिलांकडे पाहिलं आणि चपला घातल्या. त्याच दुपारी मी फ्रिजवर दुरुस्तीची नोटीस चिकटवली. सभा लवकर घ्या म्हणून भाऊंच्या विनवण्या केल्या, पण पंधरा म्हणजे पंधरा. एसीचा सीझन, त्यामुळे रजा मफी, म्हणजे इकडच्या अरबीत नाहीच. दिवसभर गच्चीवरच्या उन्हात काम करून भाऊ संध्याकाळी बुसैतीनला जायचे, मुलाजवळ तासभर बसायचे आणि परत यायचे. चौदाव्या दिवशी संध्याकाळी ते त्याला विमानात बसवून आले.

नोटीस भरली तेव्हा मुलगा जाऊन चार दिवस झाले होते. आता सभा कशाला, असं चाचांनी विचारलं. भाऊ म्हणाले, नोटीस लागली आहे. विषय घरचा म्हणून त्यांनी स्वतः मत दिलं नाही. आमचे पाच हात वर गेले. भाऊंनी वहीत सुंदर अक्षरात लिहिलं: सभासदाचं मूल पाहुणा धरू नये. वाचून दाखवायला लागले आणि मूल या शब्दापाशी थांबले. वही त्यांनी माझ्याकडे दिली. उरलेलं मी वाचलं, सगळ्यांनी सह्या केल्या आणि जो तो उठून गेला.

आम्ही दोघंच राहिलो, तेव्हा भाऊ बोलले.

"तो झोपेत बोलते बाप्पा. मले मालूमच नव्हतं. तिन्ही रात्री मी जागाच होतो, आयकत."

काय बोलतो, ते मी विचारलं नाही. मुलगा आता पुण्याला नोकरीला लागला आहे. भाऊ फोनवर त्याला ये म्हणतात, आणि तो म्हणतो, बाबा, रजा मिळत नाही.