आईचं पहिलं विमान आणि माझी गुप्त माहिती

माझी वैयक्तिक माहिती इतकी सुरक्षित आहे, की शिर्डीच्या विमानतळावर मी कोण, हे मला स्वतःलाही सिद्ध करता आलं नाही.

झालं असं, की हैदराबादला माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली आणि नातीला बघायला आई विमानानं निघाली. वय बहात्तर, विमान पहिलंच! आठवडाभर तिचे पाय जमिनीवर नव्हते. एकटीला जमायचं नाही म्हणून सोबतीला मी. नेमकं त्याच सुमारास मला माहिती संरक्षणाच्या नव्या कायद्यानं झपाटलेलं. (संगमनेरच्या एका कॉलेजात मी क्लार्क. सुट्टीत रिकामा वेळ फार.) घरातली सगळी ओळखपत्रं मी कपाटात कुलूपबंद केली, मोबाईलमधली उडवली आणि जवळ फक्त आधारची झेरॉक्स ठेवली. आईनं मात्र तिचं कार्ड माझ्या हाती दिलं नाही. ते तिच्या कमरेच्या पिशवीतच राहिलं. तिला मी रोज पढवायचो, "कुणी आधार मागितलं की विचारायचं, कशासाठी पाहिजे? किती दिवस ठेवणार? पटलं तरच द्यायचं."

विमानतळाच्या दारात जवानानं हात पुढे केला. "आजी, आधार दाखवा."

आईनं पिशवी घट्ट धरली. "कशापायी पायजे?"

"आत जायला लागतं."

"आन ठिवनार किती दिस?"

"ठेवत नाही आजी. बघतो, परत देतो."

"आई, दाखव की," मी कुजबुजलो. विमानाला तासभर उरला होता आणि मागे रांग वाढत होती.

"तू गप. संमती माझी हाय." मग जवानाकडं वळून, "बघितल्यावर ध्यानात तर न्हाई ना ऱ्हायचं?"

"लगेच विसरतो," जवान गंभीरपणे म्हणाला. तेव्हा कुठं कार्ड बाहेर आलं.

आता माझी पाळी. मी ऐटीत झेरॉक्स दिली. त्यानं ती उजेडात धरली. मार्करनं मी आधी नंबर काळा केला होता, मग जन्मतारीख, मग पत्ता, आणि हात बसला म्हणून फोटोसुद्धा. (चेहरा ही माहितीच की!)

"यात तुम्ही कुठं आहात?"

"डावीकडं, वरच्या कोपऱ्यात."

"ओरिजनल?"

"कपाटात."

"मोबाईलमध्ये?"

"उडवलं."

"लायसन? पॅन?"

"कपाटात."

घरी जाऊन परत यायला दोन तास. जवानाला माझी दया आली असावी. "आजी, हा तुमचाच मुलगा ना?"

आई माझ्याकडं बघत म्हणाली, "सांगू का रं? माहिती तुझी हाय. तुला इचारल्याबिगर कशी द्यावी?"

"सांग गं!"

"व्हय, माझाच हाय," ती म्हणाली. जरा नाइलाजानंच.

पण आईच्या साक्षीवर आत सोडत नाहीत. तिचा चेहरा पडला. "मंग नातीला बघायचं ऱ्हायलं का रं?" ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी जवानच म्हणाला, "आजी, तुम्ही चला. आतली माणसं बसवून देतील." आई तरातरा आत गेली. मागं वळूनही पाहिलं नाही!

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज नुसता उसळत होता. "पोचले. पोरगी लई गोड हाय. आन मला खिडकी घावली बघ. शेजारची जागाबी मोकळीच हुती, तितं पिशवी ठिवली आन ऐसपैस बसले. कोन येडं एवढं तिकीट काढून आलंच न्हाई, काय म्हाईत."

ती माहिती मी तिला अजून दिलेली नाही.