खाऱ्या विहिरीवरचा पालक

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत नोकरीला लागले तेव्हा माझं वय तेवीस होतं आणि आवाज भातकुलीकडच्या आमच्या शेतात कमावलेला. या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची सवय. वर्गात मी ‘बसा’ म्हटलं की शेजारच्या वर्गातल्या मुलीसुद्धा बसायच्या.

फाळणीनंतर गावाबाहेर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली होती. तिथल्या पाच मोठ्या मुली शाळेत आल्या. त्यांना मराठी येत नव्हती आणि लहानग्यांच्या वर्गात बसायची लाज वाटायची. शाळेमागे विहिरीला लागून पडीक जागा होती. आमच्या मुख्याध्यापिका पुण्याच्या. त्या मला म्हणाल्या, ‘‘तुम्ही शेतकऱ्याच्या घरच्या. यांना घेऊन भाजीपाला लावा. हात चालले की तोंडही चालेल.’’

तोंड चाललं. पण माझ्याकडून शिकल्यामुळे त्या पाचही जणी पक्क्या वऱ्हाडी बोलू लागल्या. ‘‘बाई, हे गवत कावून वाढून राहिलं?’’ असं कानावर पडलं की मुख्याध्यापिकाबाई कपाळाला हात लावायच्या, आणि मला उगाच जिंकल्यासारखं वाटायचं.

त्यांतली एक सोळा वर्षांची मुलगी माझी फार लाडकी होती, कारण ती माझ्याशी भांडायची. तिच्या वडिलांची सिंधमध्ये कालव्याकाठी भाजीची शेती होती. इकडे येताना ते वाटेतच आजारी पडून गेले. आता ती, आई आणि मामा वसाहतीतल्या एका खोलीत राहत होते. घरात पापड लाटायचं काम चालायचं. मामांचं म्हणणं, हिनंही पोळपाटाशी बसावं, शाळेमागे माती चिवडून काय होणार? आईनं भावाकडून संक्रांतीपर्यंतची मुदत मागून घेतली होती. तोवर काही पिकवून दाखवलं तर मुलीची शाळा चालू राहणार, नाहीतर बंद. हे तिनं मला रोपं लावता लावता सांगितलं, मान वर न करता.

रोपं वांग्याची होती. निवड माझी. भाजी म्हणजे आधी वांगं, याबद्दल माझ्या मनात कधी शंका आलेली नाही. रोपं छान धरली. पुढे वाफ्यांवर कुठे कुठे मिठासारखा पांढरा खार दिसू लागला, तिकडे मी फारसं लक्ष दिलं नाही आणि दिवाळीला घरी निघून गेले. परत येऊन पाहते तर वाफे पाण्यानं तुडुंब भरलेले, वांग्यांनी माना टाकलेल्या, आणि ही पोरगी रहाटावर अजून पाणी ओढतेच आहे.

‘‘अवं पोट्टे, काय करून राहिली तू हे?’’

‘‘कल्लर धुवून राहिली, बाई.’’ तिकडे खारवट जमिनीला कल्लर म्हणत. ‘‘माहे बाबा असंच भरपूर पानी सोडून धुवायचे.’’

‘‘मंग तुह्या बाबाले शेतीच येत नव्हती.’’

शब्द तोंडातून गेले. तिनं दोर सोडला, ओले हात ओढणीला पुसले आणि चालती झाली. तीन दिवस ती आली नाही.

पहिला दिवस मी रागात काढला. दुसऱ्या दिवशी राग ओसरला, पण अकड गेली नाही. तिसऱ्या दिवशी विहिरीवर हातपाय धुताना चूळ भरली आणि तशीच थबकले. अकोल्यापासून भातकुलीपर्यंत आमच्या त्या सगळ्या पट्ट्यात विहिरींचं पाणी खारं. भातकुलीकडे नवी विहीर दिसली की माणूस आधी ओंजळभर पाणी चाखतो, मग पुढचं बोलतो. तिच्या वडिलांकडे नदीचं गोडं पाणी होतं, त्यानं खार खाली धुऊन जायचा. इथे ती खारावर आणखी खार ओतत होती. शाळेत प्यायचं पाणी नळाचं, त्यामुळे हे पाणी तिच्या जिभेला कधी लागलंच नव्हतं. आणि मी तिला सांगितलं नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊकच असतं, असं मी धरून चालले होते. मला फार लाज वाटली.

लोटाभर विहिरीचं पाणी घेऊन मी तिच्या खोलीवर गेले. आई पापड लाटत होती, मुलगी वाळत घालत होती.

‘‘पेऊन पाय,’’ मी म्हणाले.

एका घोटात तिचं तोंड वाकडं झालं. आईनंही कुतूहलानं बोट बुडवून चाखलं आणि ‘‘अरे राम’’ म्हणाली.

‘‘हे म्या तुले पहिल्या दिवशीच सांगाले पायजे होतं,’’ मी म्हणाले. ‘‘चूक माही हाय. आन् तुह्या बाबाबद्दल बोलली, ते त्याहून वाईट.’’

तिनं आणखी एक घोट घेतला, तोंडात घोळवला. ‘‘अशा पान्यात वांगं नाही येत, बाई. बाबा कल्लरवर पालक लावायचे. वरंब्याच्या माथ्यावर नाही, उतारावर. खार माथ्यावर चढते.’’

उलट उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. माझ्या आयुष्यात हे फार थोड्या वेळा घडलं आहे.

वांगी उपटून वरंब्यांच्या उतारावर पालक पेरला. पाणी बेतानं, तेही ती सांगेल तेव्हाच. महिन्याभरात वरंब्यांचे माथे पांढरे आणि कुशी हिरव्यागार झाल्या. मी रोज सकाळी जाऊन पाहायची, आणि कोणी बघत नाही असं पाहून आनंदानं हसायची.

संक्रांतीला आई पातेलं घेऊन वाफ्यापाशी आली, मागे मामा. पालक आणि हरभऱ्याच्या डाळीची त्यांची भाजी होती, आमच्या डाळभाजीची सख्खी बहीण. मामा उकिडवे बसून खाऊ लागले. आम्ही सहा जणी त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या.

‘‘नमक बराबर है,’’ ते बहिणीला म्हणाले.

‘‘मैंने नहीं डाला,’’ आई म्हणाली. ‘‘पत्ते में ही था.’’

मामांनी वाफ्यांकडे पाहिलं, मग भाचीकडे, बराच वेळ. ‘‘बिलकुल तेरा बाप,’’ ते म्हणाले आणि पातेलं पुन्हा पुढे ओढलं. शाळा बंद करायचं त्यांनी पुढे कधी काढलं नाही.

जूनमध्ये वसाहतीतून आणखी चार मुली आल्या. मी खुरपी वाटायला निघाले, तर तिनं मला अडवलं. विहिरीतून बादली काढून एकेकीला पाणी चाखायला लावलं. चारही तोंडं वाकडी झाली.

‘‘आता खुरपं घ्या,’’ ती म्हणाली. ‘‘आमच्या वेळी बाई इसरल्या होत्या.’’