बाईंची प्रश्नावली

"आहे, की असं म्हणतात?" चष्मा कपाळावर ढकलून बाई विचारत. कँटीनमध्ये चहा आहे, एवढं कुणी म्हटलं तरी. तुम्हालाही अशी माणसं भेटली असतील. त्यांच्यासमोर आपण नाइलाजाने खरं बोलतो आणि म्हणून शक्यतो लांब बसतो. महाडच्या कॉलेजातल्या स्टाफरूममध्ये माझी खुर्ची मात्र त्यांच्या शेजारीच होती.

बाई वाणिज्य शिकवत. त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता, कारखान्यातली मनुष्यबळ व्यवस्थापनाची पद्धत मोजायची कशी. प्रशिक्षण, बढती, तक्रार निवारण हे सगळं कागदावर किती, प्रत्यक्षात किती आणि त्यामुळे माणसं कामावर टिकतात का. "मॅनेजरला विचारलं की धोरण कळतं. व्यवस्था कामगारालाच ठाऊक," असं त्या म्हणत.

माझ्याकडे मोटरसायकल होती, म्हणून संशोधनात माझाही हातभार. औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात आम्ही गेलो. मॅनेजरच्या केबिनमध्ये इतकी प्रमाणपत्रं टांगलेली, की भिंतीचा रंग कळेना. चहा थंड व्हायच्या आत त्याने प्रश्नावली भरून दिली. सगळीकडे पाचपैकी पाच. कामगारांनी ती कँटीनमध्ये भरली, सुपरवायझर पाठीशी उभा असताना. तिथेही पाचपैकी पाच.

बाईंनी तो गठ्ठा बाजूला ठेवला. त्या कारखान्यातले नऊ जण कुडपण या डोंगरातल्या गावचे होते. रविवारी आम्ही पोलादपूरहून वर कुडपणला गेलो आणि देवळाच्या ओट्यावर त्यांना गाठलं.

"तक्रारपेटी आहे?" बाईंनी विचारलं.

"हाय की," पन्नाशीचे एक काका म्हणाले.

"तक्रार टाकता?"

"पेटी सायबाच्या केबिनमधी हाय, बाय. टाकायची तर आदी त्यालाच विचारून आत जायाचं."

सगळे हसले आणि मग लिहायला बसले. यावेळी एक आणि दोनवरही खुणा पडल्या.

परतताना पोलादपूरला चहा घेत बाई कागद चाळू लागल्या आणि थांबल्या. नाव लिहू नका, असं त्यांनी बजावलं होतं. नाव कुणीच लिहिलं नव्हतं. प्रत्येकाने वरच्या कोपऱ्यात आपला टोकन नंबर लिहिला होता. कंपनीच्या कुठल्याही कागदावर आधी तोच लिहायचा, ही हाताची सवय.

कुडपणची बातमी कारखान्यात पोहोचली आणि सोमवारी मॅनेजरचा फोन आला. "मॅडम, कुडपणला भरलेले कागद एकदा पाठवा. नाहीतर आमची परवानगी रद्द समजा."

"कोपरे कापून द्या," मी सुचवलं.

"माणसं नऊच आहेत. कोपरे कापून कोण लपणार?"

बाईंनी कुडपणचे सगळे कागद घरच्या बंबात घातले. परवानगी गेली. मार्गदर्शकांनी सुचवलं, कँटीनमधला गठ्ठा वापरा, त्यात तुमचं गणिती प्रारूप सुरेख बसतंय. बाई म्हणाल्या, "बसतंय खरं. पण ते सुपरवायझरचं मोजमाप आहे." त्यानंतर प्रबंधाचा विषय त्यांनी काढला नाही. गेल्या वर्षी निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाच्या शालीवरच्या चिठ्ठीत कुणीतरी नावाआधी 'डॉ.' लिहिलं होतं. बाईंनी माझं पेन मागून ते खोडलं आणि बहिणीकडे साताऱ्याला निघून गेल्या.

परवा पोलादपूरच्या स्टँडवर ते काका भेटले. अंगात कंपनीचा गणवेश, हातात डबा.

"त्या बाय पास झाल्या का वो?"

"नाही."

काकांनी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"आमीच कायतरी चुकीचं लिवलं आसंल," ते म्हणाले. "त्यानला सांगा, परत लिवून देतो."