तिसरा हट

अमेरिकन फुटबॉलमधली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे न हलता उभं राहणं, आणि ती मुलींना शिकवायला मी गेलो होतो.

मला ओळखणारा माणूस इथेच हसायला लागेल. न ओळखणाऱ्यांसाठी सांगतो. मी बुटीबोरीला एका कापड कारखान्यात मेंटेनन्सला आहे. संध्याकाळी परतताना बस खापरीला आली की मी डबा हातात घेऊन दारात जाऊन उभा राहतो. माझा स्टॉप यायला तेव्हा अर्धं नागपूर बाकी असतं! लिफ्टचं बटण मी दाबलं की दाबतच राहतो. कुकरची पहिली शिट्टी झाली की ताटावर जाऊन बसतो आणि दुसऱ्या शिट्टीपर्यंत वाटी वाजवतो. (वाटी वाजवल्याने वरण लवकर शिजत नाही, हे मला माहीत आहे. पण काहीतरी केल्यासारखं वाटतं.)

आमची रेवा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि मुलींच्या फुटबॉल टीमची कॅप्टन होती. हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तो नव्हे. लांबुळका चेंडू हातात घेऊन पळायचं असतं तो. त्यातही धक्काबुक्कीचा नाही, कमरेला फिती बांधून खेळतात तो. चेंडू घेऊन पळणाऱ्या मुलीची फीत समोरच्या टीमने ओढली की चाल संपली. ह्या टीमचा कोच ऐन वेळी बंगळुरूला नोकरी लागून निघून गेला. पुण्याची टीम महिन्याभरात नागपूरला खेळायला येणार होती, आणि प्रिन्सिपॉलसाहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, की मुलींचा खेळ बघण्यासारखा झाला तर सकाळचं मैदान त्यांचं, नाहीतर क्रिकेटच्या पोरांचं.

रेवा तोंड पाडून घरी आली.

"बाबा, तुम्ही कंपनीकडून अमेरिकेत गेले होते ना, तेव्हा..."

"हो!" मी म्हणालो.

"अजून माझं विचारणं व्हायचं आहे."

"शिकवतो! उद्या सकाळपासून!"

माझी बायको मंजूषा मेथी निवडत होती. तिने वर न बघता विचारलं, "तुम्हाले येते का तो खेळ?"

"गेस्ट हाउसमध्ये टीव्हीवर दर रविवारी पाहत होतो मी!"

"टीव्हीवर तर तुम्ही स्वयंपाकाचे कार्यक्रम बी पाहता. चहा तर अजून जमून नाही राहिला."

तरी दुसऱ्या दिवशी मी मैदानावर पोचलो. मुलींच्या आधी. वॉचमनच्याही आधी.

आता ह्या खेळाची गंमत ऐका. चाल सुरू होताना चेंडू असतो मधल्या मुलीकडे. आमच्याकडे ती कोमल. ती वाकून चेंडूवर हात ठेवते. तिच्या मागे उभी रेवा. रेवा ओरडते, "डाउन! सेट! हट! हट! हट!" आणि ठरलेल्या 'हट'ला कोमल दोन पायांमधून चेंडू मागे रेवाकडे भिरकावते. कितव्या हटला, हे मुलींनी आधी गोल करून गुपचूप ठरवलेलं असतं. समोरच्या टीमला ते ठाऊक नसतं, म्हणून त्या क्षणभर मागे राहतात. पण आपल्यातली एखादी आधीच हलली, तर दंड! पाच यार्ड मागे! समोरच्यांनी आधी उडी मारली, तर दंड त्यांना. थोडक्यात, सगळा खेळ दम धरण्याचा.

मी जाहीर केलं, "आपण तिसऱ्या हटला!"

पहिल्या सकाळीच घोळ झाला. मैदानाच्या कडेला चहाची टपरी होती आणि टपरीवर रोज एक गाय बिस्किटं खायला यायची. रेवाने "सेट" म्हणायला आणि टपरीवाल्याने गाईला हाकलायला एकच गाठ पडली. "हट! हट! हट्!" कोमलने चेंडू सोडला. रेवा तेव्हा केस बांधत होती. चेंडू तिच्या कानाजवळून गेला तो गाईच्या पुढ्यात. आमच्या चार मुली पळत सुटल्या, गाय पळत सुटली, आणि टपरीवाला मला म्हणाला, "साहेब, हे कोणतं ट्रेनिंग करून राहिले?"

मग मी चालींना नावं दिली. इंग्रजी नावं पुण्याच्या पोरींना कळतील, म्हणून आपल्या नागपुरी पदार्थांची. उजवीकडे लांब फेक म्हणजे 'तर्री'. चेंडू पोटाशी गुंडाळून मधून पळणं म्हणजे 'सांबारवडी'. सगळ्यांनी एका जागी गर्दी करून समोरच्यांना गोंधळवणं म्हणजे 'गोळाभात'. मी स्वतःवरच खूश झालो! पण सकाळी उपाशीपोटी आलेल्या मुलींना अर्धा तास 'तर्री, तर्री' ऐकवल्यावर काय होणार? चौथ्या दिवशी मी 'तर्री!' म्हणून ओरडलो आणि डावीकडची मुलगी सरळ तर्री-पोह्याच्या ठेल्याकडे गेली.

मंजूषाला सांगितलं तर ती म्हणाली, "पोरी खेळायले येतात का जेवायले?"

आणि मग तो रविवार उजाडला. कॉलेज बंद, चेंडू कॉलेजच्या कपाटात. पण मला चैन कुठे? मी कोमलला घरीच बोलावलं. चेंडूऐवजी काय घ्यावं म्हणून स्वयंपाकघरात गेलो, तर समोर पपई! शेजाऱ्यांनी कळमन्याच्या बाजारातून पेटीच आणली होती, त्यातली एक आम्हाला दिली होती. आकार हुबेहूब. (पिकलेली होती. हे मी दाबून बघायला हवं होतं. पण दाबून बघायला थांबावं लागतं.)

हॉलमधलं टेबल बाजूला सारलं. कोमल दाराकडे तोंड करून पपईवर वाकली. क्वार्टरबॅक, म्हणजे मागे रेवाच्या जागी उभा, मी. रेवाने दाराकडे पळायचं आणि मी फेकलेली पपई झेलायची.

"डाउन! सेट! हट! हट!"

तेवढ्यात दार उघडलं. दारात मामाजी. मामाजी म्हणजे माझे सासरे, कुही गावाहून न कळवता आलेले. पांढराशुभ्र शर्ट, पांढरं धोतर, हातात घरच्या तांदळाची पिशवी. मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून, बोट त्यांच्याकडे रोखून, पूर्ण ताकदीने ओरडलो,

"हट!"

सांगतो, त्या क्षणीसुद्धा सगळं सावरता आलं असतं. पण कोमल शिस्तीची मुलगी. तिसरा हट ऐकला, तिने पपई सोडली. माझ्या हातात आली. हातात आलेली वस्तू धरून ठेवणं माझ्या स्वभावात नाही. मी फेकली! रेवा दाराजवळ पोचली होती. पण आजोबा दिसल्याबरोबर पोरगी संस्कारी, पटकन पाया पडायला वाकली. पपई तिच्यावरून गेली आणि मामाजींच्या छातीवर फुटली.

पिशवीतून थोडे तांदूळ सांडले.

"मंजू वं," मामाजींनी दारातूनच हाक मारली. "मी चाललो परत. तुया नवरा मले हट म्हणते!"

"मामाजी, तुम्हाला नाही! तो खेळातला हट होता!" मी पुढे धावलो आणि पपईवरून घसरून त्यांच्या पायांशी पोचलो. त्यांना वाटलं, मी माफी मागतोय. मी ते तसंच राहू दिलं.

मंजूषाने वडिलांना आत नेलं, माझा नवा शर्ट घालायला दिला आणि चहा दिला. चहा पिऊन मामाजी म्हणाले, "ठीक आहे जवाईबापू. हा हट कोणत्या खेळातला आहे, ते मी डोळ्यानं पाहीन. तवरिक मी गावाले जात नाही."

म्हणजे आता सामना नुसता मैदानासाठी नव्हता. माझा जावईपणाही पणाला लागला होता!

सामन्याच्या दिवशी मामाजी पहिल्या रांगेत, प्रिन्सिपॉलसाहेबांच्या शेजारी बसले. मी रेषेबाहेर उभा. उभा म्हणजे, येरझाऱ्या घालत. पहिलीच चाल. रेवा शांतपणे म्हणाली, "डाउन." मग थांबली. (किती थांबावं माणसाने!) "सेट." पुन्हा थांबली. "हट." मला राहवेना. "हट! हट!" माझ्याच तोंडातून निघालं. कोमलने माझ्या आवाजाला चेंडू सोडला. रेवा तयार नव्हती. चेंडू घरंगळत मागे.

पुढच्या वेळी मी रुमाल तोंडात धरला. पण हट आला की रुमाल पडायचा! आमच्या मुली माझ्या हटला हलायच्या, पंच शिट्टी मारायचा, पाच यार्ड मागे. परत माझा हट, परत शिट्टी. पुण्याच्या पोरींना जागचं हलायची गरजच नव्हती. आम्हीच आपणहून मागे मागे चाललो होतो. मधेच पुण्याने एकदा शेवटच्या रेषेपार चेंडू नेला आणि पुढे गेले. मी वळून बघितलं तर मामाजी प्रिन्सिपॉलसाहेबांना समजावत होते, "हे त्याले घरीबी होते."

मध्यंतरात रेवाने मला बाजूला बोलावलं. मी समजलो. आता ही म्हणणार, बाबा, तुम्ही घरी जा. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. पोरींची पहाटेची मेहनत, मैदान, सगळं मी घालवलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही बिनधास्त ओरडा. अजून जोरात."

"खरंच?"

"एकदम. थांबू नका."

माझ्यावर एवढा विश्वास आजवर कोणी दाखवला नव्हता. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. चाल लागली. रेवाने तोंडही उघडलं नव्हतं, तर मी सुरू. "हट! हट! हट!" आमची एकही मुलगी हलली नाही. पुण्याच्या तिघी मात्र धाडकन रेषा ओलांडून इकडे! शिट्टी. पाच यार्ड आमच्या बाजूने! मी अजून जोरात ओरडलो. पुन्हा पुण्याची उडी, पुन्हा दंड. मला वाटलं, हा माझ्या आवाजातल्या नेतृत्वाचा परिणाम. शेवटी शेवटी तर पुण्याच्या पोरी इतक्या धसकल्या, की मी ओरडलो तरी खिळल्यासारख्या जागेवर. आणि नेमकं तेव्हा कोमलने चेंडू सोडला, रेवाने उजवीकडे लांब फेकला, सुरेख 'तर्री', आणि आमची मुलगी रेषेपार! रेषेपार गेल्यावर एका जादा गुणाची संधी मिळते; पुण्याची ती हुकली होती, आम्ही साधली आणि सामना जिंकलो!

पुण्याचे कोच स्वतः माझ्याकडे आले. "मानलं तुम्हाला! पहिला सगळा हाफ आम्ही तुमच्या आवाजावर बचाव बसवला, आणि दुसऱ्या हाफला तुम्ही त्याच आवाजाने आम्हाला फसवलंत. ग्रेट डोकं!"

मी मान किंचित झुकवली. मामाजींनी बघितलं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी मैदान मुलींचंच राहील असं जाहीर केलं. मी छाती काढून मुलींकडे गेलो.

"कोमल, तू माझ्या तिसऱ्या हटला हलली काहून नाही?"

कोमल रेवाकडे बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "काका, मध्यंतरात आम्ही नवी चाल बसवली. रेवा गुपचूप पाय उचलून टेकवायची, मी वाकून पायांमधून तेवढंच बघायची. आवाजाकडे लक्षच द्यायचं नाही. त्या चालीले तुमचं नाव दिलं आम्ही. 'काका'."

"माझं नाव!" मला भरून आलं. "काय करायचं असते त्याच्यात?"

"काही नाही. काका कितीबी ओरडले, तरी आपण हलायचं नाही."

मामाजींना घेऊन मागून आलेली मंजूषा म्हणाली, "अवं पोरीहो, ही चाल नवी कायची? लग्न झाल्यापासून मी हेच खेळून राहिली. नाव तेवढं ठेवलं नव्हतं."