मोडक्या कोयत्यांचं पोतं

आमच्या कोयतेवाल्या मामांना पुढच्या वर्षाचं काहीही विचारलं, की ते मागच्या वर्षाचं पोतं ओतायचे. खरोखरचं पोतं, आणि त्यात वर्षभरात मोडलेले कोयते. सिरसाळ्यात रस्त्याला लागून त्यांची भट्टी होती. आसपासच्या वाड्यांमधले ऊसतोडे कोयता त्यांच्याकडूनच न्यायचे. मामांची अट एकच होती, मोडला तर तुकडे परत आणून द्यायचे.

माणसं तोडीवरून परतली की अक्षय तृतीयेच्या सकाळी मामा अंगणात एकेक तुकडा मांडत बसायचे. "ह्यो मुठीत गेला. ह्यो येड्यानं दगडावर हाणलाय." मी आयटीआय करून आलेला भाचा. यंदा किती कोयते करायचे, हे लिहून घ्यायला वही उघडून ताटकळत बसलेला. आत मामी आमरस वाढून हाका मारून थकायची.

"मामा, आकडा सांगा की."

"आधी मोडल्यालं मोज रं, मंग घडवायचं बोल."

दरवर्षी हेच वाक्य. माझं डोकं फिरायचं. त्याहून लाज यायची ती वेगळ्याच गोष्टीची. समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना मामा बिनदिक्कत म्हणायचे, "ह्यो माझ्या हातचा हाय. पाणी जास्ती पाजलं म्या." धंद्यात असं कोणी बोलतं का?

पुढे मामांची नजर अधू झाली आणि पाणी पाजायचं काम माझ्याकडे आलं. तापलेलं पातं पाण्यात बुडवायचं. कमी पडलं तर धार टिकत नाही, जास्त झालं तर पातं तडकतं. "रंग बघ, घाई करू नको," मामा म्हणायचे. मी घाईच करत होतो.

त्या वर्षीचं पोतं नेहमीपेक्षा जड होतं. मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेले होते, तेवढ्यात मी ते माजलगावला भंगारात देऊन टाकलं. जागा अडत होती, असं मी मामीला सांगितलं. खरं म्हणजे मी आत डोकावलो होतो. बरेचसे मानेत, मुठीच्या जरा वर तडकलेले होते, आणि ते माझ्याच हातचे होते.

अक्षय तृतीयेला मामा हिरवी पट्टी लावून अंगणात येऊन बसले. "पोतं कुटंय?"

"भंगारात दिलं. मामा, मागलं उगाळून काय व्हतंय? यंदा दुप्पट करू."

मामा उठून भट्टीकडे गेले. तेव्हा त्यांनी माझ्या कानाखाली एक वाजवायला हवी होती. नाही वाजवली, याचा मला अजून राग येतो.

दुप्पट केले. दसऱ्याआधी सगळे संपले आणि मी गावभर छाती काढून हिंडलो.

गुढीपाडव्यानंतर शेजारच्या वाडीतली पारूबाई तोडीवरून परतून आली. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं आखडली होती. उसाच्या बुडख्यावर घाव घालताना पातं तुटून हातावर आलं होतं. तिने दोन तुकडे मामांपुढे ठेवले. आवाज चढवला नाही.

"मागल्या साली बी हितंच मोडला व्हता, दादा. तवाच आणून दिल्ता की."

मामांनी तुटलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि ते तुकडे माझ्या पुढ्यात सरकवले. म्हणाले, "मोज."

मामांना जाऊन आता काही वर्षं झाली. अक्षय तृतीयेला पोतं मी ओततो. पाणी पाजताना आता घाई करत नाही, तरी दरवर्षी एखादा माझ्या हातचा निघतोच आणि मी स्वतःवरच चरफडतो. ते मोठ्याने बोलताना अजूनही जीभ अडखळते. पण बोलावं लागतं, कारण पारूबाई समोर बसलेली असते. तिच्याच्याने आता ऊसतोड होत नाही. सुनेसाठी कोयता न्यायला ती सगळ्यांच्या आधी येते, आणि माझं मोजून झाल्याशिवाय नव्या कोयत्याला हात लावत नाही.