पेटी घ्यायला गेलो तेव्हा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढं गाळून बाकीचं बोलते – जणू त्याला दिसलंच नसेल! तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं. तरी बघा, हात थांबतोय.

आधी माझा स्वभाव सांगते, म्हणजे पुढचं वाचून तुम्ही दचकणार नाही. मी रागीट आहे. थोडीथोडकी नाही. राग आला की माझा हात आधी उठतो, डोकं मागून येतं. लहानपणी धाकट्या भावाच्या कपाळावर मी पाटी फोडली होती. लग्नानंतर एकदा दुधाचं पातेलं भिंतीवर मारलं, त्याचा खळगा भिंतीत अजून आहे. घरचे हसतात, अक्का म्हणजे फटाका म्हणतात. मीही हसते. पण फटाका कुणाच्या हातात फुटला, हे कुणी विचारलं का कधी?

आमचं गाव एरंडोलपासून जवळ. कापसाची शेती, घरचं बरं. आमच्या महिला भजनी मंडळात पेटी मीच वाजवायची. लग्नाआधी दोन वर्षं शिकले होते. पेटीवाली अक्का म्हणून पाच गावांत नाव होतं, आणि खरं सांगू, त्या नावाची मला चटक लागली होती. सप्ताहाला गेले की बायका बाजूला सरकून मधली जागा द्यायच्या. घरात मला कोण विचारत होतं? तिथं विचारत होते.

आणि मग जमना आली. शिरपूरकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची, नवऱ्याबरोबर आमच्या शेतात मजुरीला. शेतातल्या खोलीतच राहायचे दोघं. चोवीस-पंचवीसची असेल, काळीसावळी, कमी बोलणारी. गळा गोड म्हणून मीच तिला मंडळात आणली – हो, मीच! टाळ दिला हातात. पुढे एकदा मला ताप आला आणि एकादशीचं भजन अडलं. तर ही म्हणे, पेटी मी वाजवते. तिचा बाप भजनात वाजवायचा, त्याच्या मांडीवर बसून शिकली होती. ताप उतरल्यावर मी गेले तेव्हा बायका आपसात बोलत होत्या, मला बघून गप्प झाल्या. काय बोलत असतील, ते मला कुणी सांगायची गरज होती का?

मंडळाची जुनी पेटी पार गेली होती. भाता फुटलेला, हवा फुसफुसायची. नवी घ्यायची ठरली. पण चांगली पेटी मिळावी कुठं? मोठ्या दुकानांत चकचकीत माल असतो, आणतात लोक, आणि वर्षभरात सूर बसतात. शोधता शोधता जळगावच्या वसंत मिस्तरींचं नाव कळलं. जुन्या गल्लीत एक खोली, पाटीसुद्धा नाही. हा माणूस पेटी स्वतः बांधायचा. एकेक सूर, म्हणजे आतली पितळेची जीभ, कानसून लावायचा आणि मनाला येईपर्यंत पेटी द्यायचा नाही. अशी जागा आख्ख्या खानदेशात दुसरी नव्हती. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय.

आम्ही पाच जणी जीपने गेलो. जमनाला घेतलं होतं पेटी उचलायला. हो, उचलायला. वाजवायला मी होते ना!

मिस्तरी साठीचे, बारीक, चष्म्याला दोरा बांधलेला. त्यांनी सागाची एक पेटी पुढे ठेवली. तिच्या पट्ट्यांवर मिटायचं जाड झाकण होतं, कडेला पितळेची पट्टी ठोकलेली. वाजवताना ते उभं करून मागे टेकवायचं. मी म्हटलं, एकच काय दाखवता, दुसरी दाखवा. ते म्हणाले, दाखवतो, पण पेटी डोळ्यांनी घेऊ नका. बायकांनी भिंतीकडे तोंड करून बसायचं. दोन पेट्या वाजतील, कुठली गोड ते सांगायचं. त्यांची ही नेहमीची पद्धत होती म्हणे.

बायका भिंतीकडे वळल्या. मी एक अभंग वाजवला. मग मिस्तरींनी मला हातानं सरकायची खूण केली आणि जमनाला खुणेनंच विचारलं, तुला येतं का? तिनं माझ्याकडे बघितलं. मी काय नाही म्हणणार होते, एवढ्या सगळ्यांत? ती बसली. त्याच पेटीवर तोच अभंग तिनं वाजवला.

भिंतीकडे तोंड करून बसलेल्या चौघी – नाही, तिघी. आम्ही दोघी सोडून तिघी. आज इतक्या वर्षांनीसुद्धा मोजताना चुकतेय बघा. तिघी एका आवाजात म्हणाल्या, दुसरी घ्या, दुसरी! पहिली किती घोगरी!

मिस्तरी टाळी देऊन हसले. "अहो बायांनो, पेटी एकच होती! हात दुसरा होता." मग माझ्याकडे वाकून, हळू आवाजात, अगदी सरळ मनानं म्हणाले, "अक्का, ही पेटी या पोरीच्या हाताला द्या."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणतात ना, ते मला तेव्हा कळलं. बायका हसून हसून लोटपोट. त्यांना कोणी वाजवलं ते माहीत होतं का? पहिली कोण, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, पण मला वाटलं त्या मलाच हसतायत. मिस्तरी म्हणाले, आता पुन्हा ऐका, मजा बघा. बायका पुन्हा भिंतीकडे वळल्या. जमनानं भाता ओढला, उजवा हात पट्ट्यांवर ठेवला, मिस्तरी खाली वाकून पेचकस शोधत होते.

मी तिच्या समोर उभी होते. झाकण माझ्या हाताशी होतं.

पडलं नाही ते. मी पाडलं. दोन्ही हातांनी धरून, अंगाचा सगळा भार घालून आदळलं. तिचा उजवा हात खाली होता. लाकूड मोडल्यासारखा आवाज आला, आणि ते लाकूड नव्हतं. आणि थांबा – खरंच सांगायचं ठरवलंय तर हेही सांगते – मी झाकण लगेच उचललं नाही. दाबून धरलं. किती वेळ? दोन श्वास. ती ओरडली त्यानंतरही.

मिस्तरी झेपावले आणि त्यांनी झाकण वर केलं. बायका वळल्या तेव्हा मी मागे सरकले होते आणि झाकणावर मिस्तरींचा हात होता. मी विचार केला नाही हो. तोंडातून आपोआप निघालं, "मेल्या, काय केलंस हे! मजुराच्या बाईनं हात लावला म्हणून बोटं ठेचलीस?"

एवढंच. एका वाक्यात सगळं उलटलं.

दवाखान्यात नेलं. दोन बोटं मोडली होती, तिसऱ्याचं नख गेलं होतं. माझ्या लुगड्याच्या पदरावर तिचं रक्त होतं आणि मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते. ती माझ्याकडे बघत होती. तिनं पाहिलं होतं. सगळं पाहिलं होतं. पण तिची खोली आमच्या शेतात होती, नवऱ्याचं काम आमच्याकडे होतं. ती काय बोलणार, आणि बोलली असती तर कोण ऐकणार होतं? हे मला माहीत होतं. त्याच भरवशावर तर मी बसले होते.

गावात बोंब झाली. तिसऱ्या दिवशी माझा पुतण्या भूषण आणि त्याच्या टोळीतली आठ-दहा पोरं भर दुपारी जळगावला निघाली. मला सोबत घेतलं, माणूस दाखवायला. मी नाही म्हणू शकत होते. डोकं दुखतंय एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

पोरांनी मिस्तरींना गचांडी धरून रस्त्यावर ओढलं. लाथा, बुक्के, चष्मा कुठच्या कुठे. एकानं पहार आणली होती. आतल्या पेट्या बाहेर फेकून पहारीनं फोडल्या. एक पेटी पडताना तिचा भाता उघडला आणि ती मोठ्यानं रेकली, जनावर रेकतं तशी. पितळेचे सूर डांबरावर सांडले आणि त्यांच्यावरून रिक्षा गेली. गल्ली बघत उभी होती. सोडवायला कुणी आलं नाही.

मिस्तरींना मी दिसले. नाकातून रक्त येत होतं, तरी हात जोडून म्हणाले, "अक्का, तुम्ही सांगा यांना. तुम्ही तिथंच होतात."

पोरं थांबली. भूषणनं माझ्याकडे बघितलं.

मी पायातली चप्पल काढली आणि त्यांच्या तोंडावर मारली. रागानं नाही. त्या दिवशी मला राग नव्हताच. भीती होती, ते पुढचं वाक्य बोलतील याची. म्हणून तोंडावरच मारली. तीनदा. ओठ फाटला, एक दात पडला, बोलणं बंद झालं. साठीचा माणूस हो! माझ्या वडिलांच्या वयाचा.

कुणीतरी मोबाईलवर ते घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. अक्कांनी काय हाणला! वाघीण! मजुराच्या बाईसाठी धावून गेली! मंडळानं मला शाल दिली, नारळ दिला. ती शाल मी घेतली. थंडीत वापरतेसुद्धा.

मिस्तरींनी तक्रार केली नाही. खोली बंद झाली. धुळ्याला लेकीकडे गेले आणि तिथं घरच्या घरी पेट्या बांधतात, असं कळलं. जमनाची दोन बोटं वाकडीच राहिली. पेटी परत मीच वाजवायला लागले. मोठ्या दुकानातून नवी आणली, तिचे सूर वर्षात बसले. कुणी काही म्हणालं नाही.

याला सात वर्षं झाली. मग आजच का सांगतेय? कारण पंधरा दिवसांपूर्वी आमच्या शेतात वेचणी चालू होती. जमना तीन बोटांनी कापूस वेचते, ओळीत सगळ्यांच्या मागे असते. मी बांधावर होते. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "अक्का, पोरले पेटी लेवानी शे. चांगली कोठे भेटी?"

तिची पोरगी सहा वर्षांची. गळा आईचा. मी म्हटलं, घे की जळगावच्या मोठ्या दुकानातून. तिनं ओटीतला कापूस खाली दाबला. मग म्हणाली, "तो मिस्तरी धुयाले ऱ्हास म्हने. तेना हातनी पेटी चांगली ऱ्हास."

एवढंच म्हणाली. आवाजात काही नव्हतं, टोमणा नव्हता, डाव नव्हता. तिला पोरीसाठी चांगली पेटी हवी होती, बस. मी हो म्हटलं असतं तर? जा गं बाई, त्याच्याकडेच जा, एवढं म्हणायला काय लागत होतं?

पण माझा आवाज चढला. पंधरा बाया वेचत होत्या, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "तुना बोटे कोनी मोडात? तेनाच घर जाशी? सांग ना बठ्ठासले, कोनी मोडात?"

सगळ्यांना सांग म्हटल्यावर बायांनी माना वर केल्या. जमनानं माझ्याकडे बघितलं, दवाखान्यात बघितलं होतं तसंच. तिचा हात ओटीतल्या कापसात होता. वाकडी बोटं बाहेर.

"मिस्तरीनी मोडात, अक्का," ती म्हणाली. आणि वाकून पुढचं बोंड वेचायला लागली.

आणि मला हायसं वाटलं.